मुनीर मास्तरांच्या चार काठ्या

माझ्या हातून आयुष्यात शास्त्रीय म्हणावं असं काम एकदाच झालं, आणि तेही खोटं होतं. बाकीच्या माझ्या चुका मी चारचौघांत हसत हसत सांगतो. माणसं हसतात, मला बरं वाटतं. ही मात्र कधी पुरती सांगितली नाही. सांगायला लागलो की मधेच मुनीर मास्तर उभे राहतात, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, आणि मग हसू येत नाही.

मी भूमच्या शाळेत लागलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण शाळेच्या कपाटांना ते कळलेलं नव्हतं. निम्मे कागद उर्दूत आणि उरलेले निम्मे वाळवीच्या ताब्यात. मुनीर मास्तर त्या कपाटांइतकेच जुने. पंधरा वर्षं त्यांनी उर्दूत गणित शिकवलं होतं. आता तेच गणित मराठीत शिकवा असा हुकूम आला होता आणि वर मराठीची परीक्षा द्यायची होती. ते मनात उर्दूत गुणायचे आणि फळ्यावर मराठीत लिहायचे. मधे जो एक क्षण जायचा, त्यात खडू हवेत थांबलेला असायचा आणि अख्खा वर्ग त्या खडूकडं बघत गप्प बसायचा. आमच्या वर्गात पोरं गप्प बसावीत म्हणून मी छडी वापरत होतो. त्यांना एक थांबलेला खडू पुरायचा.

त्यांची एक खोड होती. बाहेर पडले की करंगळी तोंडात ओली करून वर धरायची. वारा कुठनं आहे ते बघायचं, मगच चालायला लागायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्यात घराबाहेर पडताना असं करत असतील. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना बरं वाटावं म्हणून मीही करंगळी ओली करून वर धरली. त्यांनी मला विचारलं, "काय आलं?" मी म्हणालो, काय यायचं? "पश्चिमेचं आलं," ते म्हणाले. "आलेलं सांगता येत नसंल तर बोट कशाला भिजवायचं, शिंदे?"

दुसरी खोड म्हणजे त्यांचे तीन सवाल. कुठलीही लाट समोर आली की तिला तीन गोष्टी विचारायच्या असं ते म्हणत. वारा किती, किती वेळ, आणि किती लांबनं. भूममध्ये लाट कुठनं येणार? ते कुणाच्याही रागाला लाट म्हणत. एकदा मी उद्याची सुट्टी आजच देऊन टाकली. अर्धी शाळा घरी गेल्यावर हेडमास्तरांच्या ध्यानात आलं. मी मास्तरांच्या वर्गात जाऊन लपलो. त्यांनी फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारलं, वारा किती आहे? मी म्हणालो, लई. किती वेळ? सकाळच्या घंटेपासनं. किती लांबनं? जिल्ह्यावरनं आज साहेब यायचे होते.

"मग लाट मोठी येणार," ते म्हणाले. "वाकून बसा. उभं ऱ्हायलात तर मोडाल."

मी वाकून बसलो आणि वाचलो. पण हे सवाल या माणसाकडं आले कुठनं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं ते त्यांच्या घरी गेल्यावर.

घरात मास्तर आणि त्यांची अम्मा, दोघंच. भिंतीवर नकाशा होता, हिंदी महासागराचा, कुठल्या तरी रद्दीतून आणलेला. त्यावर टाचण्या. भूमपासून समुद्र इतका लांब की आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो चित्रातसुद्धा बघितलेला नाही. मी गमतीनं म्हणालो, मास्तर, बंदर घ्यायचंय का विकत? आतल्या खोलीत अम्मा बसली होती. तिचा जपमाळेवरचा हात थांबला. मास्तरांनी मला खुणेनं बाहेर नेलं आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ हनीफ. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी अठरा वर्षांचा होता. त्या वर्षी तो गाव सोडून मुंबईला गेला. का गेला हे मास्तरांनी सांगितलं नाही. त्या वर्षाबद्दल भूममध्ये कुणी काही सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. मुंबईत तो मालाच्या जहाजावर खलाशी झाला. भूमच्या तलावापलीकडं पाणी न बघितलेला पोरगा पाच वर्षांत सुकाणी झाला, म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. मग एका वादळात ते जहाज बुडालं. थोडी माणसं वाचली. हनीफ त्यांत नव्हता.

चौकशी झाली. तिचा इंग्रजी कागद घरी आला. त्यात लिहिलं होतं की सुकाणूवरच्या माणसाच्या चुकीनं जहाज लाटेला आडवं झालं. लाटा काही तेवढ्या मोठ्या नव्हत्या. पुरावा असा, की त्याच वेळी दुसरं एक जहाज वादळाच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावर होतं. वारा दोन्हीकडं सारखा. त्या जहाजानं पंधरा फुटांच्या लाटा सांगितल्या आणि ते सुखरूप बंदराला लागलं.

"तो कागद अम्माला मीच वाचून दाखवला," मास्तर म्हणाले. "शब्दाला शब्द. त्यातली एक ओळ गाळायला पाहिजे होती. मला ते सुचलंच न्हाय."

तेव्हापासून अम्मानं हनीफचं नाव तोंडातनं काढलं नव्हतं. त्याचा चाळिसावासुद्धा केला नाही. चाळिसाव्या दिवशी माणसं बोलवायची, फातिहा द्यायचा, जेवू घालायचं, ही त्यांची रीत. अम्मा म्हणाली, त्या जहाजावरच्या बाकीच्यांच्या आया तळतळाट देत असतील, मी कुठल्या तोंडानं कुणाला जेवायला बोलवू?

मास्तर त्या कागदाशी भांडत बसले होते. शाळेत वर्तमानपत्र सोलापूरहून एस.टी.नं एक दिवस शिळं येई. त्यातली वादळाची प्रत्येक बातमी ते कापून ठेवत. जुन्या बाजारातनं त्यांनी खलाशांचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. त्यात दोरांच्या गाठी, तारे, भरती-ओहोटी सगळं होतं. लाट वाढते कशी, याला मात्र अर्धं पान. ते तीन सवाल त्या अर्ध्या पानातले. पण ते तीन सवाल दोन्ही जहाजांना लावले तर उत्तर एकच येत होतं, आणि हनीफ दोषीच ठरत होता.

चौथा सवाल सापडायला मी उपयोगी पडलो. म्हणजे मी पडलो, एवढंच.

तिशीत मी सायकल शिकत होतो. मास्तर मागनं सीट धरून पळायचे. त्या दिवशी बाजाराच्या रस्त्याचा उतार होता. ते बरोबर पळत होते, ढकलत होते, आणि सायकल वाढत वाढत अशी सुटली की मला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. मग मास्तरांना दम लागला आणि ते थांबले. मी थोडा पुढं गेलो आणि बाभळीत शिरलो. काटे कुठं कुठं रुतले ते लिहिण्यासारखं नाही. मी हाका मारतोय आणि मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे. करंगळी वर.

"शिंदे," ते म्हणाले, "मी जागेवर उभा राहून ढकललं असतं तर तुम्ही एवढे पळाला असता?"

मी म्हणालो, आधी मला बाहेर काढा.

"न्हाय पळाला असता. मी बरोबर पळालो म्हणून तुम्ही पळाला. वादळ कुठं जागेवर उभं असतंय?"

मला तसाच बाभळीत सोडून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझ्या डब्याचं झाकण टेबलावर ठेवलं आणि घड्याळाच्या उलट फिरवत पुढं सरकवलं. आपल्याकडचं वादळ असं फिरत फिरत पुढं जातं. झाकणाची उजवी कड बघा, ती पुढंच पळते. म्हणजे उजवीकडचा वारा लाटेला ढकलतो आणि वादळ तिच्याबरोबर चालतंही. लाटेला वाऱ्याची सोबत सुटतच नाही. डावी कड मागं पळते. तिथली लाट थोड्या वेळात वाऱ्यातनं बाहेर. दोन्हीकडं वारा सारखा, मध्यापासून अंतर सारखं, पण लाट सारखी नाही. नकाशावरच्या टाचण्यांप्रमाणं सुखरूप आलेलं जहाज वादळाच्या डावीकडं होतं. हनीफचं उजवीकडं.

त्यांनी हिशेब मांडला होता. वादळाची चाल आणि लाटेची चाल धरली तर उजवीकडच्या लाटेला वाऱ्याची सोबत तिपटीनं लांब मिळाली. आता राहिला एकच प्रश्न. सोबत तिप्पट झाली तर लाट किती पट होते? पुस्तकाच्या अर्ध्या पानात ते नव्हतं.

"मोजायचं," मास्तर म्हणाले.

गावाबाहेरचा तलाव पूर्व-पश्चिम लांब आहे. आषाढात आमच्याकडं पाऊस कमी आणि वारा फार, आणि तो पश्चिमेचा. मास्तरांनी पश्चिमेच्या काठापासून शंभर पावलांवर एक काठी रोवली, मग दोनशेवर, तीनशेवर, चारशेवर. कमरेएवढ्या पाण्यात चार काठ्या, प्रत्येकीवर बोटाबोटाला पांढरा चुना आणि तांबडी काव यांचे पट्टे. काठीजवळच्या काठावर बसायचं. शंभर लाटा मोजायच्या, प्रत्येक किती बोटं चढली ते लिहायचं, त्यांतल्या मोठ्या तेवढ्या निवडून सरासरी काढायची. मग पुढच्या काठीला. रोज चारी काठ्या. तळ्याची बोटं समुद्राला लावायला छाती लागते, हे ते स्वतःच म्हणत. पण वाऱ्याला तळं आणि समुद्र वेगळा कळत नसावा, अशी त्यांची आशा होती.

नेमकं त्याच आठवड्यात त्यांना मराठीच्या परीक्षेसाठी जिल्ह्याच्या गावी आठ दिवस जावं लागलं. परीक्षा चुकली तर नोकरी जाणार. वारा चुकला तर तो एकदम पुढच्या आषाढात. त्यांनी वही माझ्या हातात दिली. एस.टी. सुटेपर्यंत खिडकीतनं सांगत होते, शंभर म्हणजे शंभर, शिंदे, नव्व्याण्णव न्हाय.

पहिली काठी सोपी होती. तिथं चिंचेची सावली, बसायला दगड. मी खरोखर शंभर लाटा मोजल्या. दोन बोटं आली. दुसऱ्या काठीकडं जायला बाभळीतनं वाट, आणि बाभळीची माझी ओळख ताजी होती. मी चिंचेखाली बसून विचार केला. अंतर दुप्पट, मग लाट दुप्पट. तिप्पट, मग तिप्पट. यात बघायला जायचं काय? दोन, चार, सहा, आठ. आठही दिवस मी पहिली काठी इमानानं मोजली आणि बाकीच्या तीन चिंचेखाली बसून लिहिल्या. इकडं पाव बोट कमी, तिकडं पाव बोट जास्त, म्हणजे खरं दिसावं. खोटेपणातसुद्धा मला कष्ट नको होते.

मास्तर परत आले आणि एस.टी. स्टँडवरच वही उघडून उभे राहिले. पोरांच्या वहीतली नक्कल हा माणूस पान उलटायच्या आत ओळखायचा. माझे आकडे इतके सरळ होते की पहिलीच्या पोरालाही संशय आला असता. त्यांना आला नाही. त्यांनी वही मिटली आणि माझा हात धरला.

पंधराची तिप्पट पंचेचाळीस. पंचेचाळीस फुटांच्या लाटेपुढं कुठल्याही सुकाण्याचा इलाज नाही.

त्या गुरुवारी अम्मानं हनीफचा चाळिसावा केला, दोन वर्षं उशिरा. गल्लीतली सगळी माणसं आली. शाळेतले आम्ही सगळे गेलो. दालचा-खाना होता. दुधी आणि मटण घातलेला तो दालचा मी दोनदा मागून घेतला. एवढंच नाही, चांगला झालाय असंही म्हणालो. अम्माला दिसायचं कमी. माझा आवाज ऐकून ती भिंत चाचपत जवळ आली.

"तुम्हीच का ते मोजणारे गुरुजी?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "माज्या लेकराचं तोंड तुम्ही उजळ केलंत, बाबा."

घास गिळला. तोही खाली गेला, हे आजही आठवतं. अशा वेळी घास अडकतो असं म्हणतात. माझा अडकला नाही.

मास्तरांनी मग चौकशीच्या कचेरीला पाठवायला सगळं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. नकाशा, दोन जहाजं, वादळाची वाट, आणि शेवटी तळ्याचे आकडे, दिवसावार. प्रत्येक दिवसाच्या खाली त्यांनी रेघ ओढून 'मोजणाऱ्याची सही' असं लिहिलं होतं. आठ रेघा. शाळा सुटल्यावर वर्गात बसून त्यांनी टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला.

वाटेल तिथं सह्या करणारा माणूस मी. न वाचता हजेरीपटावर, न मोजता खडूंच्या पेटीवर. त्या रेघेवर मात्र टाक टेकवला आणि पुढं सरकेना. शाईचा थेंब पडला. मास्तरांनी टीपकागद पुढं केला.

"मास्तर," मी म्हणालो, "पहिली काठी खरी आहे."

त्यांनी टीपकागद बाजूला ठेवला. "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या गणितानं."

"कुणाच्या गणितानं?"

मी टाक दौतीत ठेवला. त्यांनी कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि पहिल्यांदाच बघावेत तसे ते आकडे बघितले. दोन, चार, सहा, आठ. मला वाटलं ओरडतील. मारतील तर बरं असंही वाटलं. ते हळू म्हणाले, "हे मला दिसायला पाहिजे होतं. मी बघितलंच न्हाय." मग कागद परत माझ्यापुढं ठेवला. "खोडा. तुमच्या हातानं खोडा. पहिली काठी ठेवा, तिच्याखाली सही करा."

मी चोवीस आकडे खोडले. वारा तोवर पडला होता. पुढच्या आषाढापर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षात मास्तर माझ्याशी बोलणं थांबवतील असं मी धरून चाललो होतो. उलट ते पहिल्यासारखेच बोलत होते, आणि ते जास्त कठीण होतं. घरी मात्र ते उशिरा जायला लागले. शाळा सुटल्यावर वर्गात एकटेच बसून राहायचे. घरी अम्मा हनीफबद्दल बोलायला लागली होती. लहानपणी काय खायचा, कसा पडायचा, कसा रुसायचा. दोन वर्षांचं साठलेलं सगळं. ते ऐकत बसणं त्यांना जमत नव्हतं आणि थांबवणंही जमत नव्हतं.

आषाढ आला, वारा सुटला. या वेळी आम्ही दोघं गेलो. बाभळीतनं, चारही काठ्यांना. पहिल्या दिवशी पहिल्या काठीला दोन बोटं आली. दुसऱ्या काठीला पावणेतीन आली तेव्हा मी म्हणालो, वारा कमी असंल. ते म्हणाले, तोच वारा आहे. तिसरीला साडेतीन. चौथीला चार. अंतर चौपट आणि लाट फक्त दुप्पट. दहा दिवस मोजलं. रोज तेच.

मास्तरांनी तळ्याकाठीच गुडघ्यावर वही ठेवून हिशेब केला. सोबत तिप्पट, तर लाट पावणेदोन पट. पंधराचे सव्वीस.

मी विचारलं, सव्वीस म्हणजे कसं? सव्वीस फुटांत जहाज सांभाळता येतं का?

"एखाद्याला येतं," ते म्हणाले. "एखाद्याला येत न्हाय." आणि वही मिटली.

पंचेचाळीस असते तर हनीफ सुटला असता. पंधरा असते तर तो दोषी होता. सव्वीस फुटांत तो तसाच अधांतरी राहिला. मास्तरांनी तेच लिहून पाठवलं, एक फूट न वाढवता. कचेरीतनं कार्ड आलं की पत्र पोचलं, प्रकरण पूर्वीच बंद झालेलं आहे.

त्या दहा दिवसांतल्या एका सकाळी मी त्यांना बोलवायला घरी गेलो होतो. ते काखेत वही घेऊन चपला घालत होते. अम्मा दाराशी आली.

"कुठं रे?"

"तलावावर."

"झालं ना मोजून?" ती म्हणाली. "मग परत कशाला जातोस?"

मास्तर वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिले. त्याला काही झालं नव्हतं.

"पाणी किती आलंय बघायला, अम्मा," ते म्हणाले.

अम्मा दारातच उभी राहिली. आम्ही गल्लीच्या टोकाला वळलो तेव्हाही उभी होती. रस्त्यानं त्यांनी करंगळी वर केली नाही. तो माणूस एवढं एकच खोटं बोलल्याचं मला माहीत आहे, आणि ते बोलायची वेळ मी आणली होती. त्यानंतर अम्मानं त्यांना कधी काही विचारलं नाही. हनीफच्या लहानपणाच्या गोष्टी मात्र हळूहळू कमी झाल्या, आणि एका हिवाळ्यात अम्माही गेली.

माझी बदली जळकोटला झाली. सहा-सात वर्षं मी भूमकडं फिरकलो नाही. कामं होती असं मी सांगत असे. मग एका दुष्काळाच्या वर्षी, आषाढातच, ईट गावच्या एका लग्नाच्या बोलणीला जाताना भूमला एस.टी. बदलायची होती. पुढची गाडी दोन तासांनी. शाळेत चौकशी केली. मास्तर नोकरीतनं मोकळे झालेत, म्हणाले, सकाळचे तलावावर असतात.

तलावात पाणी नव्हतं. तळ भेगाळलेला, मधेमधे शेळ्या हिंडत होत्या. चारही काठ्या मात्र उभ्या होत्या, पट्टे नव्यानं रंगवलेले. चौथ्या काठीपाशी, जिथं पूर्वी कमरेएवढं पाणी असायचं तिथं, मास्तर सुक्या तळावर उभे होते. तीच शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, आत माणूस कमी झालेला. वारा एवढा होता की शेरवानीचा घेर पूर्वेकडं फडफडत होता. ते करंगळी वर धरून होते.

मी या वेळी बाभळीतनं गेलो. त्यांनी मला ओळखलं, पण कसे आलात असं विचारलं नाही. वहीत तारीख टाकली, वारा लिहिला. मग चारही काठ्यांपुढं, एकीखाली एक, चारदा तेच लिहिलं. पाणी नाही. पाणी नाही. पाणी नाही. पाणी नाही. खाली रेघ ओढली आणि पेन्सिल माझ्यापुढं केली.

"तुम्ही चारीच्या चारी बघत आलात ना?" त्यांनी विचारलं.

मी वळून बघितलं. तिसरी, दुसरी, आणि लांब चिंचेपाशी पहिली. मग वही घेतली आणि सही केली.